न जमलेल्या लग्नाची पत्रिका

तीर्थस्वरूप नारायणमामांच्या सेवेशी,

धाराशिवहून भाचा गुरुप्रसादचा नमस्कार. गुडघा कसा आहे? ईट गावच्या घराचा उंबरा उंच आहे, जपून ओलांडत जा. मामींनाही नमस्कार. आम्ही सारे खुशाल आहोत. निदान पत्राच्या सुरुवातीला तरी असंच लिहितात.

आमच्या वैदेहीसाठी तुम्ही तुळजापूरच्या व्यंकटरावांच्या मुलाचं स्थळ सुचवलंत. ते मुलगी पाहून गेले आणि गप्प बसले. अशात सोमवारी मला कॉलेजच्या ऑफिसात एक ईमेल आला. पाठवणारा अनोळखी, पण विषय 'लग्नपत्रिका'. आता घरी आलेली पत्रिका न उघडता बाजूला ठेवणं आपल्यात कधी झालंय का? (तुम्ही तर ओळख नसलेल्यांच्या पत्रिकाही देवापुढं ठेवता.) मी उघडली. आत वधू नाही, वर नाही, मुहूर्त नाही; पडदा नुसता लुकलुकला. संगणकावर कापड झाकून मी जेवायला गेलो. (रोज झाकतो. दसऱ्याला हळदकुंकूही वाहतो. सुरक्षा सुरक्षा म्हणजे माणसानं आणखी काय करायचं?)

परत येतो तर शिपाई बलभीम पेढे मागायला दारात उभा. "साहेब, वैदेहीताईचं जमलं व्हय? समद्या स्टाफला पत्रिका आली की."

पत्रिका कसली, तो व्हायरस होता. त्यानं माझ्या नावानं माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला तेच पाठवलं. प्राचार्यांना, सास्तूरच्या साडूंना आणि व्यंकटरावांनाही. मुलगी परस्पर दुसरीकडं दिली असं वाटून व्यंकटराव भडकले, आणि जावई कोण ते बघायला त्यांनीही ती उघडली. झालं, त्यांच्या नावानं त्यांच्या गोतावळ्यात गेली. मुलीच्या बापाची पत्रिका, मुलाच्या बापाची पत्रिका. दोन्हीकडच्या पाहुण्यांनी ताळा जुळवला आणि अभिनंदनाचे फोन सुरू झाले. शेवटी व्यंकटरावच म्हणाले, "आता नाही म्हणायला तोंड राहिलं नाही, तारीख काढा." दुरुस्तीला आलेला इंजिनियर मात्र म्हणाला, दोष यंत्रात नाही, वापरणाऱ्यात आहे. हल्लीच्या पोरांना बोलायची रीत नाही.

तुमचा निर्दोष भाचा,
गुरुप्रसाद

ता.क. मुहूर्त तुम्हीच काढावा, लवकरचा. पाहुणे थांबायला तयार नाहीत.

पुन्हा ता.क. वैदेहीनं पत्र वाचलं. ती लिहायला लावते आहे की फाईल उघडण्याआधी 'धोका आहे, उघडू का?' असं संगणकानं दोनदा विचारलं होतं, आणि मी न वाचताच दोन्हीदा हो केलं. (ऑफिसात सगळे असंच करतात.) वर म्हणते, यंत्रानं निदान विचारलं तरी, मला मुलगा पसंत आहे का, हे अजून कुणीच विचारलेलं नाही. मामा, खरंच कुणी विचारलेलं नाही. मुहूर्ताचं राहू द्या. जमेल त्या एस.टी.नं या आणि तिला तेवढं विचारा. मला धीर होत नाही.