मेधाचा रफार

८ सप्टेंबर १९९३
कोलशेतला कंपनीत जाऊन ओळखपत्र परत केलं. कॉम्प्युटर विभाग बंद झाला तो झालाच. मेधाचं कार्डही मीच दिलं. गेटवरच्याने विचारलं, "त्या मॅडम नाही आल्या?" सांगितलं, जुलैत गेली, काविळीने. त्याने वहीत माझ्याच दोन सह्या घेतल्या.

१३ सप्टें.
डोंबिवली. मानपाड्याला मेधाच्या आईकडे. काकू आता एकट्याच. लग्नपत्रिका छापायचा आमचा मराठी प्रोग्रॅम मे.च्याच मशीनवर पडलाय. अक्षरं जोडायचा भाग तिचा, छपाईचा माझा. फ्लॉपीवर उतरवून घरी न्यावा म्हणत होते. काकू म्हणाल्या, "इथेच बसून कर ना. दुपारी मी असतेच."

१६ सप्टें.
मे.चा भाग वाचायला घेतला. मध्येच इंग्रजी लिपीत मराठी शेरे. एके ठिकाणी: 'हे का चालतं माहीत नाही. शीला, हात लावू नकोस.' मोठ्याने हसले. काकू बाहेर आल्या. दारात उभ्या राहिल्या.

२२ सप्टें.
ठाणे. कोर्टाजवळचा छापखाना, पाटील. नमुना दाखवला. 'आशीर्वाद'मधला रफार 'वा'वर बसायच्या ऐवजी 'शी'वर. पाटील म्हणाले, "बाई, या शब्दाशिवाय पत्रिका होते का? तुळशीच्या लग्नानंतर माझ्याकडे गर्दी. त्याच्या आत करून द्या, नाहीतर राहू दे." माणूस वाईट नाही. मे.चं कळल्यावर चहा मागवलेला.

२९ सप्टें.
दोन ओळी बदलल्या. आशीर्वाद बरोबर आला, सूर्यवंशी बिघडला. ते दुरुस्त केलं तर कार्तिक गेला. मे.ने सगळं एकात एक अडकवून ठेवलंय. ती शेजारी असती तर माझ्यावरच चिडली असती आणि पाच मिनिटांत...

७ ऑक्टो.
अंधेरीला इंटरव्ह्यू. दादाच्या ओळखीतून. साहेबांनी विचारलं, सध्या काय करता? म्हटलं, आम्ही दोघी मिळून एक प्रोग्रॅम करतोय. "दुसऱ्या कोण?" पाणी मागितलं. ऑफिसातल्या बाईंनी आणून दिलं.

१५ ऑक्टो.
ठिगळं लावून होणार नाही. मे.चा भाग काढून नव्याने लिहायला हवा. काकूंना सांगितलेलं नाही. सांगायचं तरी काय?

१६ ऑक्टो.
सुरुवात केली. काकूंनी उपमा आणून ठेवला. डोकं वर करून बघवेना.

२ नोव्हें.
झालं. आशीर्वाद, सूर्यवंशी, कार्तिक, सगळे जागेवर. प्रिंट काढून काकूंना दिला. चष्मा लावून पूर्ण वाचला. मग म्हणाल्या, "छान आलंय. यातलं मेधाचं कुठलं?"
खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "काकू, तिचं आता यात नाही. सुधारत नव्हतं, मी सगळं परत लिहिलं."
चष्मा काढून ठेवला. "तिचं चुकलं होतं का गं?"
"एकच जागा. मेधा असती तर तिनेच दुरुस्त केली असती."
कागद घेऊन आत गेल्या. मी निघाले तरी बाहेर आल्या नाहीत.

५ नोव्हें.
पाटलांना फ्लॉपी दिली. खूश. अंधेरीचं पत्रही आलंय. दादा म्हणतो, विचार कसला करतेस.
मानपाड्याला जायचं टाळतेय.

९ नोव्हें.
गेले शेवटी. नोकरीचं सांगायलाच गेलेले. काकूंनी दार उघडलं. मशीनवरचं कव्हर काढलेलं होतं. म्हटलं, काकू, काम संपलं माझं.
"माहितीये. पण बस थोडा वेळ. काहीतरी टाइप कर. तिचं चालू असायचं तेव्हा मी आत काम करायचे, आवाज यायचा. तू बसलीस की तसाच येतो."
बसले. काय टाइप करावं सुचेना. कुठलेही शब्द टाइप करत राहिले. आत कुकर लागला. निघताना म्हणाल्या, "उद्या लवकर ये, जेवायलाच."
येते म्हटलं. अंधेरीला अजून काही कळवलेलं नाही.