डाव्या हाताचा कप्पा

जव्हार,
ता. ९ फेब्रुवारी १९५४

प्रिय लाडक्या,

तुझं नाव लिहिलं की 'प्रिय' वेगळं लिहायची गरज उरत नाही. पण पत्र तुला तुझी लेक पोशी वाचून दाखवणार, आणि ती शाळा शिकलेली, तिला रीत दिसायला हवी. सूर्यमाळला पाणी किती दिवस पुरेल? इथं आमचं बरं चाललंय. संस्थान गेल्याला सहा वर्षं होत आली. साहेब बदलले, पण वाकायचं चुकलं नाही. पूर्वी मुजरा करायचो, आता अर्ज करतो. अर्जाला तिकीट लागतं, एवढीच सुधारणा.

परवा नाशिकहून पार्सल आलं. आत आपल्या पाहुणेबंगल्यातली खोळ, बिलियर्डच्या काठीची, मी शिवलेली. विलीनीकरणात बंगल्याचं सामान गेलं, तेव्हा ती कुठल्याशा क्लबात पोचली होती. आतल्या शिक्क्यावरून त्यांनी माझा पत्ता काढला. चिठ्ठीत लिहिलं होतं की चेन अडकते, शिवाय कप्पा उलट्या अंगाला बसवलाय, कारागिराला अक्कल नव्हती. शिव्या आणि काम एकाच पार्सलात येण्याची ही पहिलीच वेळ.

उलट्या अंगाला म्हणे! तुला आठवतं ना, त्या कप्प्यापायी आपण दोन पावसाळे घातले. आधी बटणाचा केला, तर जव्हारच्या दमट हवेनं आत काठीच्या टोकाला लावायच्या खडूचा चिखल झाला. मग झाकणाचा केला, तर कोणी पाहुणा झाकण उघडंच टाकायचा. शेवटी एका साहेबाच्या फाटक्या जाकिटाची दातांची चेन हाती लागली. तिचे दात काठीचं पॉलिश खरवडायचे, म्हणून आतून बकऱ्याच्या मऊ चामड्याची पट्टी लावली. मग प्रश्न आला की चेन उघडावी कोणत्या बाजूला. काठी साहेबाची, खेळ साहेबाचा. पण कप्प्यात साहेबाचा हात चुकूनच जायचा. खडू काढणार तू, परत ठेवणार तू, गुण सांगणारही तूच. आणि तू पडलास डावरा. तुझा डावा पंजा खाकी कागदावर पालथा ठेवून मी कोळशानं भोवती रेघ ओढली, तेव्हा तू गुदगुल्या झाल्यासारखा हसत होतास. खोळ उजव्या खांद्याला, चेन डाव्या हाताखाली. पहिल्यांदा उघडलीस तेव्हा म्हणालास, "पुंजादा, यो कप्पा माजे हाताला वळखतो रं." तेवढं कौतुक मला आजवर कोणी केलं नाही. पाहुण्यांपैकी एकालाही ती चेन सरळ उघडता आली नाही, याची मला वर्षभर मजा वाटत होती.

त्याच मजेनं तुझा घात केला. विलीनीकरणाच्या याद्या होत होत्या, आणि खडूची चांदीची डबी सापडेना. "म्या कप्प्यातच ठेवलीय," एवढंच तू पुन्हा पुन्हा सांगत होतास. कप्पा रिकामा. मग यादीवाल्या कारकुनानं मला बोलावून विचारलं, हा कप्पा कोणाच्या हातानं उघडतो? मी छाती फुगवून म्हणालो, "एकट्या लाडक्याच्या. दुसऱ्याला जमायचंच नाही." मला वाटलं, माझ्या कसबाची चौकशी चाललीय. स्वयंपाकी, माळी, पंखेवाला, सगळे सरकारी नोकरीत सामावले. तुझं नाव तेवढं खोडलं गेलं. आणि मला पोलिसांच्या पट्ट्यांचं काम मिळालं. पट्टे चांगले आहेत. अजून एकही तुटलेला नाही.

मागच्या थंडीत मी मोखाड्याच्या बाजारात आलो होतो, हे तुला ठाऊक नाही. तू नाचणीचं गाठोडं बांधत होतास, डाव्या हातानं. मी हाक मारणार, तोच पलीकडून कोणी ओरडला, "ए डबीवाल्या!" आणि तू मान वर केलीस. रागावला नाहीस. माणूस आपल्या नावाला जशी ओ देतो, तशी दिलीस. मी टोपल्यांच्या दुकानामागं गेलो आणि तिथं बराच वेळ टोपल्या पाहिल्या. एकही घेतली नाही.

काल अडकलेली चेन काढायला अस्तर उसवलं. खाली खोळीच्या तळाशी, जाड टोपणात भरलेल्या कापसात, डबी होती. आत खडूही तसाच, निळा, कोरडा. चेन नऊ इंचांची होती आणि कप्पा दहाचा. त्या उरलेल्या इंचात, आतल्या कोपऱ्याला, अस्तराचे टाके सुटले होते. तिथून ती खाली घसरली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. पोशी, इथून पुढचं मोठ्यानं वाच, आणि घरात नको, अंगणात ये. पाड्यातली चार माणसं जमू देत. ते टाके आपसूक सुटले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, म्हणून मी तिथं कच्चे टाके घातले होते. नंतर पक्के करीन म्हणालो आणि केले नाहीत. कारकुनासमोर उभा असताना मला ते आठवलं होतं. "अस्तर उसवून बघा," एवढे तीन शब्द बोलायचे होते. पुंजाच्या हातचे टाके कच्चे निघाले असं गावात होऊ नये, म्हणून मी ते गिळले. आज सकाळी डबी, खोळ आणि हे सगळं माझ्या सहीनं लिहून कचेरीत दिलं. पोच घेतली, ती सोबत आहे. नोकरी परत मिळेल असं मी म्हणत नाही. माझ्या म्हणण्यावर आता तू का विश्वास ठेवावास? पण डबी लाडक्यानं जिथं ठेवली म्हणून सांगितली तिथंच ठेवली होती, आणि हे मला सहा वर्षं ठाऊक होतं. क्लबाच्या साहेबांना कळवलंय की खोळ कचेरीत आहे, आणि मिळेल तेव्हा टाके पक्के करून देईन, पण कप्पा बदलणार नाही. तो ज्याच्यासाठी शिवला त्याच्याच बाजूला आहे. तुझ्या पंजाचा खाकी कागद मी जपून ठेवला होता, तोही पाठवतोय. माझ्याकडे ठेवायचा हक्क आता राहिला नाही.

तुझाच, कच्च्या टाक्यांचा,
पुंजा