बरणीवरचे अठरा

तीर्थस्वरूप दादास,

क्योतोहून सादायुकीचा कमरेत वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो जरा अर्धवट झाला आहे, पूर्ण मानून घ्यावा.) इथल्या दमट हवेने माझ्या संस्कृत व्याकरणाच्या पोथ्यांना बुरशी आली. तुमच्या मिनाबेला बागेतली उमेची आंबट फळं उतरवायला सुरुवात झाली असेल. फुसाएवहिनींचे गुडघे कसे आहेत? तुझी प्रकृती मागच्या पत्रातही विचारली होती. उत्तरात तू वहिनींच्या गुडघ्यांबद्दलच फार सविस्तर लिहिलंस.

आधी एक गंभीर तक्रार. कोपऱ्यावरच्या दुकानात मी संध्याकाळी बिअरचा एक डबा घेतो, तेव्हा गल्ल्यावरच्या यंत्राचा पडदा मला विचारतो, आपण वीस वर्षांचे आहात काय? मी चोपन्न वर्षांचा. डोक्यावर केस म्हणावेत असं काही उरलेलं नाही. तरी "हो"वर बोट टेकवल्याशिवाय डबा हाती येत नाही. यंत्राचं मी मनावर घेतलं नसतं, पण एप्रिलपासून त्या यंत्रामागे आपली चिझुरु उभी असते. (शाळा सुटल्यावर दोन तास काम करते. तिला दारू विकता येते, बापाचं वय विचारता येतं, चाखता मात्र येत नाही.) मागच्या महिन्यात मला म्हणते, "ग्राहकमहोदय, पडद्यावर बोट टेकवावं."

मी म्हटलं, "अगं, कार्यावरून कारणाचं अनुमान होतं. तू सतरा वर्षांची माझी मुलगी समोर उभी आहेस, त्याअर्थी मी..."

"बाबा, मागे रांग आहे. न्यायशास्त्र घरी."

रांगेतल्या आजीबाईंनी समजूत घातली, "मलाही विचारतं हो ते. एक्याऐंशी पूर्ण झाली. मला तर बरं वाटतं."

अशा अपमानित मनःस्थितीत असताना तुझी बरणी आली. चिझुरु जन्मली त्या जूनमध्ये तू बागेतली हिरवी उमे, खडीसाखर आणि कडक मद्य घालून ती मुरत ठेवलीस. (मद्य वीस टक्क्यांच्या वरचंच हवं, नाहीतर घरी मुरवणं हा गुन्हा. या देशात विसाच्या आत कशालाच प्रतिष्ठा नाही.) विसाव्या वाढदिवसाला पहिला घोट मीच पाजणार, असं तू, तान्हेपणी तिला पहिल्यांदा देवळात नेलं त्याच दिवशी, सगळ्यांसमोर जाहीर केलं होतंस. मग ही आत्ताच कशी, म्हणून झाकण पाहिलं, तर तुझ्या अक्षरात लिहिलेलं: १८-६. माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सरकारने प्रौढपण विसावरून अठरावर आणलं, म्हणून दादाही काळाबरोबर चालला! अठरावं वर्ष, सहावा महिना. आणि वाढदिवस चार दिवसांवर.

वाढदिवशी मी मोठा मासा आणला, लाल चवळीचा मंगल भात शिजवला, पेले पुसले. (तिची आई माहेरी गेली होती, नाहीतर प्रकरण इतकं वाढलं नसतं.)

पेले पाहून चिझुरु दारातच थबकली. "हे कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. आता तू कायद्याने प्रौढ. काकांनीच ठरवलंय."

"अहो बाबा, मला मत देता येतं, लग्न करता येतं, कर्जसुद्धा काढता येतं. हे मात्र विसालाच! आमच्या गल्ल्यामागे केवढ्या अक्षरात लावलंय. तुम्हाला रोज दिसतं."

मी विजयी मुद्रेने बरणीचं झाकण तिला दाखवलं. तिने ते वाचलं आणि पोट धरून खाली बसली. "हा हेइसेई शकातला अठरा! माझं जन्मवर्ष! काका लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा असंच लिहितात."

दादा, मी पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना शक आणि संवत यांतला फरक शिकवतो. सम्राटाचं वर्ष मुलीचं वय म्हणून वाचणारा पंडित तुझ्या घराण्यात निपजला, याबद्दल पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे माझ्या वतीने क्षमा माग.

हसणं ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि विचारलं, "पण मग काकांनी दोन वर्षं आधीच का पाठवली?"

पेल्यांत आम्ही सातूचा थंड चहा ओतला आणि मासा खाल्ला. मासा चांगला होता.

तुझा धाकटा,
सादायुकी

ता.क. बरणी कुरियरने परत पाठवतो आहे. झाकण उघडलेलं नाही. (हुंगलं, पण बाहेरून.)

ता.क. दुसरा. काल वहिनींना फोन करून बरणीचं विचारलं, तर त्या गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या. त्या गुडघ्यांवर तुम्ही दोघं फार भार टाकता आहात.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी. डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला लिही. बरणी होती त्याच फळीवर ठेव आणि दोन वर्षांनी जूनमध्ये स्वतः घेऊन ये. चिझुरु म्हणते, काकांच्या हातून नसेल तर मला नको. तू घरातल्या वस्तू वाटायला काढल्या आहेस असं मला वाटतंय, दादा, आणि मला भीती वाटते आहे.