ताटावरचा हट्ट

आबा, आज दुपारी मालगाडीची शिट्टी थेट लक्ष्मी गेटजवळच्या आपल्या घरापर्यंत ऐकू आली आणि वाटलं, तुम्हाला एकदा ठणकावून सांगावंच. माझं चुकलं नव्हतं.

तो दिवस आठवतो. तुम्ही रेल्वेच्या वर्कशॉपमधून काळे हात घेऊन येता. मी ताटासमोर बसलेला, वरणभात निवत चाललेला. मॅट्रिक झालो, पण तुमच्यासारखं रेल्वेत चिकटायचं नाही, अरबी शिकायला अलाहाबादला जायचं, आणि तुम्ही हो म्हणेपर्यंत घास घ्यायचा नाही. "अन्नावर रुसतोस?" तुम्ही म्हणता. "आधी त्या शाळेतल्या कविता, आता अरबी! कवितेनं इंजिन हलतं का रे? ताटावर हट्ट धरणारा माणूस दुनियेत कुठेच चालत नाही." शेजारचे भैयाजी खिडकीतून हसतात, "क्यों लल्ला, अब ऊँट हाँकोगे?"

चालला, आबा. फार चालला. सगळी उमर मी अरब मुलखांतल्या आपल्या वकिलातींत काढली. एकदा बांधकामावरची आपली माणसं मालकानं पासपोर्ट काढून घेऊन अडकवली होती. मी तिथल्या शेखांकडे गेलो. त्यांनी स्वतःच्या हातानं कॉफी दिली. मी पेला न पिताच खाली ठेवला. त्यांच्यात रीतच आहे तशी. पाहुण्यानं पेला खाली ठेवला, म्हणजे त्याला काही मागायचंय. यजमान शब्द देईपर्यंत तो पिणार नाही, आणि तसाच उठून गेला तर लाज यजमानाची. सोबतचा आमचा नवा अधिकारी कुजबुजला, "सर, पी लीजिए, बुरा मान जाएँगे." मी हललो नाही. कॉफीची वाफ विरत गेली आणि मी मनातल्या मनात शाळेतली कविता म्हणत बसलो, चालीसकट. शेवटी शेख म्हणाले, "पी. तुझी माणसं घरी जातील."

गेली ती, आबा. या हट्टानं गेली. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, आणि पुन्हा त्या पाटावर बसवलंत तर पुन्हा ताट निववीन.

एवढंच, की त्या रीतीत शब्द आधी असतो, घोट नंतर. आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही स्वतः पळी घेऊन माझ्या भातावर गरम वरण वाढलंत, "जेव आता" म्हणालात आणि बाहेर निघून गेलात. अलाहाबादचं नावही काढलं नाहीत. मला भूक लागली होती. मी जेवलो, आणि तोच होकार धरून गाडीत बसलो.

तुम्ही गेल्यावर लिहिलेलं हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, ते बरंच आहे. पोचलं असतं तर तुम्ही उत्तर दिलं असतं.