केसपेपरवरचं नाव

अलीगंज, लखनऊ
११ जून १९९५

प्रिय दादा,

तुझं एप्रिलचं पत्र मिळालं, आणि उत्तर द्यायला मी दोन महिने लावले. तू चारच ओळी लिहिल्या होत्यास. इचलकरंजीचं स्थळ चांगलं आहे, ज्येष्ठ संपायच्या आत ते लोक बघायला येतो म्हणतात, पद्माला पुष्पक एक्स्प्रेसने पाठव, आणि गोळ्या लखनऊलाच ठेवून यायला सांग. गोळ्या म्हणजे जणू इथले स्वेटर, सांगलीत उपयोग नाही म्हणून मागे ठेवायचे. तेव्हा आधी तुझ्या पत्राचं उत्तर देते. पद्मा दाखवून घ्यायला येणार नाही. हे तिचं तिने ठरवलंय, मी फक्त कळवतेय. बाकी पत्र लांब आहे आणि गोड नाही. तू स्वतः वाचशील की माणिकवहिनी वाचून दाखवेल, मला माहीत नाही, पण शेवटपर्यंत वाचलं जावं.

दोन वर्षांपूर्वी तू तिला इथे घेऊन आलास तो दिवस आठवतो? चोवीस वर्षांची आपली धाकटी बहीण, बालवाडीत मुलांना नाचवणारी, चारबाग स्टेशनवर बाकाच्या कडेला बसली होती आणि तिच्या केसांत चार दिवस कंगवा फिरला नव्हता. हमाल सामान उचलत होता तेवढ्यात तू मला बाजूला घेऊन तीन गोष्टी सांगितल्यास. सांगलीत कुणाला काही कळता कामा नये. पद्मा चिकनचं भरतकाम शिकायला गेलीय असं सगळ्यांना सांगितलंय. आणि डॉक्टरच्या कुठल्याही कागदावर तिचं नाव येता कामा नये, उद्या लग्न व्हायचंय तिचं, तू तुझं नाव घाल, तुझं काय, तुझं झालंय. मी बरं म्हणाले. हे मी तुझ्या माथी मारणार नाही. मला तोंड होतं, मी ते उघडलं नाही.

मग खोट्याची निगराणी सुरू झाली. आत्याने पार्सलने सहा ब्लाउजपीस धाडले, पद्माच्या हातचं काम हवं म्हणून. मी चौकात एका बाईकडून ते भरून घेतले आणि परत पाठवले. आत्याचं पत्र आलं, पोरीचा हात किती सफाईदार झालाय. त्या महिन्यात पोरीला हातात चहाचा कप धरवत नव्हता.

आता डॉक्टरांचं सांगते. आमच्या घरापासून सात मिनिटांवर, कपूरथला चौराह्याच्या अलीकडे, डॉक्टर मिसेस निगम यांची पाटी आहे. मनोरोग विशेषज्ञ असं ठळक लिहिलेलं. सब्जी आणायला जाताना रोज दिसायची. पण समोरच्याच इमारतीत रमाकांतांच्या बँकेतली तीन कुटुंबं राहतात, म्हणून मी ती पाटी कधी वाचलीच नाही असं स्वतःला समजावलं आणि पद्माला टेंपोत घालून शहराच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तू तिला सांगलीहून लखनऊला आणलंस, मी अलीगंजहून आलमबागेला. आपण दोघं सख्खी भावंडं, यात शंका नाही.

तिथल्या डॉक्टरने कागद वाचला. मालिनी पेंडसे, उम्र इकतीस, विवाहित, एक बेटी. त्याने तिला नवऱ्याविषयी विचारलं. पद्मा माझ्याकडे बघायला लागली, मग मीच उत्तरं दिली. शेवटी त्याने रमाकांतांना आत बोलावून सांगितलं की भाईसाहब, पीना कम कीजिए और इतवार को इन्हें कहीं घुमाने ले जाइए. सर्दीच्या औषधालाही नाक मुरडणारा माझा नवरा मान खाली घालून जी, जी म्हणत बाहेर आला. घरी आल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. पद्मा हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून आमच्याकडे बघत होती.

दुसरा डॉक्टर म्हातारा आणि भला होता. त्याने विचारलं, हे कधीपासून? मी घाईत म्हणाले, मुलगी झाल्यापासून. कागदावर मुलगी होती ना, तिचा मेळ घालायला नको? त्याने गंभीरपणे लिहून घेतलं आणि न झालेल्या बाळंतपणानंतरचं औषध एका कुमारिकेला सुरू केलं. तो चुकला असं मी म्हणणार नाही. त्याच्या पुढ्यात जी बाई आम्ही ठेवली होती, तिला त्याने बरोबर औषध दिलं. ती बाई नव्हतीच, एवढंच.

पण खरी वाईट गोष्ट निराळी आहे आणि ती माझी आहे. पद्माला तेव्हा हिंदी समजायचं, पण मनातलं बोलता येईल इतकं यायचं नाही. ती मराठीत सांगायची, मी मधे बसून हिंदी करायची. एके दिवशी तिने माझा हात धरून सांगितलं, ताई, सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली. मला जगायचं नाहीये. ते म्हातारे डॉक्टर माझ्याकडे वळले. आणि मी म्हणाले, कहती है, सुबह-सुबह मन नहीं लगता. माझा तो गोड आवाज मला अजून ऐकू येतो. तांदूळ निवडावे तशी मी तिची वाक्यं निवडायची आणि खडे आपल्या पदरात ठेवायची. भीती वाटली की ॲडमिट करतील, माझ्या नावावर लिहिलं जाईल. आणि खरं सांगू का दादा, तसलं वाक्य आपल्या घरातून बाहेर जाऊ नये असंच वाटलं. त्यांनी पुढे विचारलं, घर में और किसी को? मी ठणकावून नाही म्हणाले. पिताजी तो बड़े धार्मिक थे, साल में चार-पाँच महीने मौन रखते थे.

अप्पांचं मौन. आषाढ लागला की मागच्या खोलीचं दार बंद व्हायचं ते दिवाळीला उघडायचं. आई ताट दाराशी ठेवायची आणि अर्धं तसंच उचलायची. दाढी वाढलेली, अंगावर तेच धोतर. शाळेतून आल्यावर आपण दोघं कुजबुजत खेळायचो. आई शेजारी सांगायची, ह्यांचं मौन चाललंय, आणि गल्लीतल्या बायका दाराबाहेरून नमस्कार करून जायच्या. ज्या दिवशी अप्पा आतून चहा मागायचे त्या दिवशी आई पेढे वाटायची. शाळेत आपण ऐटीत सांगायचो, आमचे अप्पा मौनी आहेत.

आता जे सांगणार आहे ते तुला आज पहिल्यांदा कळतंय. गेल्या वर्षी मार्चमध्ये मी तुला एसटीडीवरून सांगितलं की पद्माला कावीळ झालीय, आठवडाभर दवाखान्यात ठेवलंय. कावीळ नव्हती. दुपारची वेळ होती, आमची जुई शाळेत, मी गॅसच्या नंबरासाठी रांगेत. पद्माने काय केलं ते मी लिहिणार नाही. शेजारच्या भाभी कोथिंबीर मागायला आल्या म्हणून ती वाचली. हॉस्पिटलात तिथली सिस्टर तिच्या गालावर थापट्या मारत होती, मालिनी, आँखें खोलो, मालिनी बेटा, सुन रही हो? माझ्याच केसपेपरवर तिला आणलं होतं ना. एक डॉक्टर, दोन सिस्टर, तिघं जीव तोडून हाका मारत होते, आणि त्यातली एकही हाक तिच्यासाठी नव्हती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. प्रत्येक हाकेला माझ्या तोंडात ओ येत होती. शेवटी मी सिस्टरला बाजूला सारलं आणि ओरडले, पद्मे. तिच्या पापण्या हलल्या.

घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन दिवसाढवळ्या कपूरथलाकडे चालत निघाले. वाटेत बँकेतल्या दोघी भेटल्या, कुठे निघालात म्हणाल्या. मी सांगितलं, डॉक्टर निगमकडे, बहिणीला दाखवायचंय. त्या अच्छा म्हणाल्या आणि आपल्या वाटेने गेल्या. दादा, एवढंच झालं. ज्याच्यासाठी आपण पद्माला मरू देणार होतो, ते एवढंच होतं.

मिसेस निगमनी नाव विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पद्मा म्हणाली, पद्मिनी आत्माराम जोगळेकर. मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हणाले, इसको हिंदी में बोलना नहीं आएगा. त्या म्हणाल्या, तो मराठी में बोल लें, आज मुझे सिर्फ़ सुनना है. बाहेरच्या बाकावर पाऊण तास मी चडफडत बसले. मराठीतलं या बाईला काय कळणार? आत काय कळलं कोण जाणे, पण बाहेर आल्यावर पद्माने मला विचारलं, ताई, घरी वरण आहे का? सहा महिन्यांत तिने पहिल्यांदा आपण होऊन खायला मागितलं होतं.

पुढच्या आठवड्यापासून मिसेस निगमनी छावणीतून स्वरदा नावाच्या एका बाईंना बोलावून घेतलं. साताऱ्याकडच्या, नवरा फौजेत कॅप्टन, आपल्याशी नातं नाही की ओळख नाही. पद्मा बोलेल ते शब्दाला शब्द हिंदीत सांगायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांनी एकही खडा निवडला नाही. आता त्यांची गरज उरली नाही, पद्मा धनियासाठी भाजीवाल्याशी फाडफाड भांडते. मला मिसेस निगमनी एकदाच आत बोलावलं. पिताजी का मौन कितने महीने का होता था, खाते कितना थे, सोते थे? मी बोटांवर मोजायला लागले, आषाढ, श्रावण, भाद्रपद. कार्तिकापर्यंत आले आणि रडायला लागले. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि लिहून घेतलं.

ती ठणठणीत झाली असं मी लिहिणार नाही. खोटं लिहायची माझी हौस फिटली. अजूनही एखादा दिवस ती उठत नाही, गोळ्या चालूच आहेत, आणखी किती वर्षं ते मिसेस निगमही सांगत नाहीत. पण इथल्या एका नर्सरीत ती शिकवते. गेल्या मंगळवारी हनुमान मंदिराच्या रस्त्यावर बड़ा मंगलचा, म्हणजे इथल्या ज्येष्ठातल्या मंगळवारचा, शरबत वाटत दुपारभर उन्हात उभी होती. जुई घरी येऊन म्हणाली, मौसी ने मुझे दो बार दिया, बाकी सबको एक बार. इचलकरंजीच्या लोकांना तू हे सगळं सांगून बघ. त्यानंतरही ते येतो म्हणाले, तर पद्मा विचार करेल.

मला तुझा राग आहे, दादा. हे पत्र मी मनात वर्षभर लिहितेय आणि दर वेळी त्याचा शेवट तुला चार शब्द सुनावूनच व्हायचा. पण गुरुवारी माणिकवहिनीचं इनलँड आलं. तुला न सांगता लिहिलंय तिने. लिहिते की ह्यांनी यंदा अप्पांसारखं मौन धरलंय. अक्षय्य तृतीयेपासून बोलत नाहीत, दाढी केली नाही, कचेरीत आजारपणाची रजा टाकलीय, ताट अर्धं परत येतं. आत्या येऊन दाराबाहेरून नमस्कार करून गेल्या. पद्माच्या गोळ्यांची नावं कळवा, कुणासाठी ते कुठे बोलू नका, मी माझ्या नावावर आणवते. हे वाचल्यावर मी तुझं एप्रिलचं पत्र पुन्हा काढलं. तू चारच ओळी का लिहिल्यास ते मला तेव्हा कळलं नव्हतं. गोळ्यांची नावं मी पाठवणार नाही. मिरजेत मिसेस निगमबरोबर शिकलेले एक डॉक्टर आहेत, त्यांना मी काल फोन केला. शुक्रवार तेवीस जून, सकाळी अकरा. नाव लिहून दिलंय लक्ष्मीकांत आत्माराम जोगळेकर, वय अडतीस. सांगलीपासून अर्ध्या तासावर आहे, ओळखीचे लोक दिसतील, दिसू देत. इनलँड मी पद्माला वाचून दाखवलं तेव्हा तिने आधी पंचांग बघितलं नाही की मला विचारलं नाही, रमाकांतांना म्हणाली, भावजी, वीस तारखेचं पुष्पकचं तिकीट मिळतं का बघा. ती येतेय, दादा. दाखवून घ्यायला नाही, तुला न्यायला. गोळ्या तिच्या पर्समध्ये असतील. ती तुझ्याबरोबर मिरजेला येईल आणि दाराबाहेर बाकावर बसेल, आत येणार नाही. अप्पांचं सगळं सांग तिथे, मोजून सांग. मला तू जगायला हवा आहेस, भांडायला तरी. वाटेत तिच्याशी बोलला नाहीस तरी चालेल असं तिने सांगितलंय. आत गेल्यावर बोल.

तुझीच,
मालू