आकाशात रस्ता विचारताना

सर, तुमच्याशी भांडायचं आहे आणि समोर तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले आहे. सकाळपासून नुसती बसते आणि उठते. गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे चाचपून आले, गॅसवर ठेवलेला चहा विसरले, तो आटला. घरातले सगळे बाहेर गेलेत. बेलापूरच्या या फ्लॅटमध्ये मे महिन्याची दुपार भरून राहिली आहे, आणि ऊन पाहिलं की मला अजून ते कॉकपिट आठवतं.

तुम्ही होतात तेव्हा आमच्या हातात टॅब्लेट नव्हता. आता विमान शिकायला येणारा प्रत्येक जण तो मांडीवर पट्ट्याने बांधूनच चढतो. त्यात सगळे नकाशे असतात, हवामान असतं आणि जायच्या वाटेची एक जांभळी रेघ असते. त्या रेघेवर आपलं चिमुकलं विमान सरकत राहतं. तुम्हाला आवडलं असतं, असं मला खरंच वाटतं. नव्या वस्तूंचा तिटकारा तुम्हाला कधीच नव्हता. जुईनगरच्या तुमच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरून आम्हाला परीक्षेसाठी नॅव्हिगेशन शिकवताना तुम्हीच म्हणायचात, साधन कुठलंही वापरा, पण आपण कुठे आहोत हे आपल्याला कळलं पाहिजे.

ते टेबल स्वयंपाकघराला लागूनच होतं. काकू आत फोडणी द्यायच्या आणि आम्ही ठसकत वाऱ्याचा कोन काढायचो. माझे पप्पा तेव्हा एपीएमसीत कांद्याच्या गाळ्यावर होते, ते मला टेम्पोतून सोडायचे, आणि माझ्या दप्तराच्या वासावरून काकू आतूनच म्हणायच्या, "आली गं ती, तिचं पण ताट वाढते." असाच एक दिवस मला अजून लख्ख दिसतो. तुम्ही एक गणित घालता, विमान वाट चुकलंय, खाली एक नदी, एक रेल्वे फाटक, ओळखा कुठे आहात. मी थोडा वेळ नकाशाकडे बघते आणि विचारते, "सर, नदी डावीकडे धरायची का?" तुम्ही माझ्या हातातली पेन्सिल काढून घेता. आवाज चढवत नाही. "विचारणं सोपं असतं," तुम्ही म्हणता. "वर कोणाला विचारणार आहेस?" बाकीची मुलं खाली बघतात. मी टेम्पोत पप्पांशेजारी बसून घरी येईपर्यंत ते गणित बोटाने दप्तरावर सोडवत राहते. त्यानंतर मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही, सर. तुम्हाला वाटलं पोरगी हुशार झाली. लायसन्स मिळालं तेव्हा तुम्ही तुमचं काळ्या तबकडीचं घड्याळ मला दिलंत आणि म्हणालात, "आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. किती वेळ उडालो त्यावरून नकाशावर जागा काढायची, मग ती खाली शोधायची. हा क्रम सोडू नकोस."

आता मी स्वतःच शिकवते. आठवड्यातले काही दिवस देशावरच्या एका छोट्या फ्लाइंग स्कूलमध्ये असते, उरलेले दिवस इथे वाशीत लेखी परीक्षेचे वर्ग घेते. ज्या दिवसावरून तुमच्याशी भांडायचं आहे, त्या दिवशी माझ्यासोबत एक विद्यार्थिनी होती. तिचं लांब पल्ल्याचं सरावाचं उड्डाण होतं, दोन सीटचं जुनं विमान, त्यात एसी नाही. जमिनीवर थांबलो होतो तेव्हा तिने दार गुडघ्याने उघडं धरलं होतं, तरी सीटचे बक्कल हाताला चटके देत होते. टॅब्लेट तिच्या मांडीवर, जाड कव्हरमध्ये, वर थेट ऊन, आणि बॅटरी उतरू नये म्हणून पॉवर बँकही लावलेली. मी ते सगळं पाहिलं आणि तसंच राहू दिलं, कारण रोज असंच चालतं.

वर गेल्यावर धुरळ्याने सगळं पांढुरकं झालं होतं. पुढे क्षितिज नव्हतंच. खाली पाहिलं की विमानाच्या पोटाखालचा तुकडा तेवढा दिसायचा, सगळा एकाच मातकट रंगाचा. बराच वेळ सगळं ठीक होतं. मग तिची मांडी भाजायला लागली, तिने टॅब्लेट उचलला आणि त्याच क्षणी पडदा काळा झाला. वर फक्त एक सूचना, यंत्र फार तापलंय, थंड होऊ द्या. ती म्हणाली, "होईल मॅडम, मागे पण झालेलं," आणि टॅब्लेट हवेच्या झडपेसमोर धरला. झडपेतून गरमच हवा येत होती. मी पण वाकून बघत होते, सर. ही गोष्ट मला सोडत नाही. दोघींच्या माना खाली, दोघी एका मेलेल्या पडद्याकडे बघतोय, आणि विमान हळूहळू डावीकडे वळतंय. मान वर केली तेव्हा होकायंत्र भलतीच दिशा दाखवत होतं. कधीपासून, ते दोघींनाही माहीत नव्हतं. घड्याळ पाहिलं, तुमचंच, मनगटावर होतं. पण टॅब्लेट गेला तेव्हा मी वेळ बघितली नव्हती, मग ते घड्याळ तरी काय सांगणार?

माझ्या बॅगेत कागदी नकाशा होता. काढला, मांडीवर उलगडला. खाली एक कोरडी नदी दिसली. नकाशावर तशा नद्या जिकडेतिकडे होत्या. एक पाझर तलाव दिसला, त्यात पाणीच नव्हतं, त्यामुळे आकार जुळेना. मी शांत चेहऱ्याने बघत राहिले, बोट फिरवत राहिले. ती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडम, रडारवाल्यांना विचारू या ना."

मी म्हटलं, "थांब. आधी आपण शोधू."

हे वाक्य माझं नव्हतं. ते तुमचं होतं. टाकीत तेल होतं, पण भटकत राहायला पुरेल इतकं नव्हतं, आणि हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "मॅडम, तुम्हाला माहितीये ना आपण कुठेय? की मला शिकवायला गप्प बसलाय?" मी नकाशाची दुसरी घडी उलगडली. तेव्हा तिने माझी परवानगी न घेता रेडिओचं बटण दाबलं आणि सांगून टाकलं की आम्हाला आमचा ठावठिकाणा माहीत नाही, मदत हवी आहे. पलीकडून एका माणसाचा आवाज आला, अगदी घरगुती. त्याच्या रडारवर आमचं विमान ओळखू यावं म्हणून त्याने एक आकडा दिला, आम्ही तो विमानातल्या यंत्रात भरला, आणि तो म्हणाला, "दिसलात. आधी ताबडतोब उजवीकडे वळा." पुढे लष्कराच्या गोळीबाराच्या सरावाची जागा होती. त्या दुपारी सराव चालू होता. आम्ही सरळ तिकडेच निघालो होतो.

उतरल्यावर ती पंखाच्या सावलीत बसली आणि म्हणाली, "सॉरी मॅडम, मी न विचारता बोलले." मी म्हटलं, "बरोबर केलंस. थांबवत मी होते." एवढं म्हणू शकले. मुख्य प्रशिक्षकांनाही घडलं तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सूचना गेल्या. टॅब्लेट उन्हात ठेवू नका, कव्हर काढा, उडताना चार्जिंगला लावू नका, दुसरा बॅगेत सावलीत ठेवा, कागदी नकाशा हाताशी असू द्या. सगळं खरं, सगळं कामाचं. पण मी गप्प का बसले, यावर कसली सूचना काढणार?

मागच्या रविवारी मी काकूंकडे गेले, जुईनगरला. दिवाळे गावाच्या बाजारातून आणलेली कोलंबी त्या ओट्यावर सोलत होत्या. मी ठरवून गेले होते की तुमची तक्रार करायची. सगळं सांगितलं, अगदी ती पेन्सिल काढून घेतलीत तेसुद्धा. काकूंचे हात थांबले नाहीत. मग त्या हसायला लागल्या.

"अगो, ते? नवीन राहायला आलो तेव्हा सगळ्या बिल्डिंगी सारख्याच दिसायच्या. एकदा दुसऱ्याच विंगमध्ये जाऊन बेल वाजवली, आणि तिथल्या बाईने दार उघडल्यावर हे आपले 'हिला आधी कुठेतरी पाहिलंय' असा विचार करत उभे! तीच घेऊन आली घरी. मग महिनाभर रोज वॉचमनला विचारायचे, आमची बिल्डिंग कुठली हो?"

"लाज नाही वाटायची त्यांना?"

"कसली लाज? म्हणायचे, वर पण विचारतोच की रेडिओवर. कितीदा विचारलंय."

"मग आम्हाला का नाही कधी सांगितलं?"

काकूंनी कोलंबीचं भांडं नळाखाली धरलं. "मी पण हेच विचारलं होतं. तर म्हणाले, पोरं फार लवकर पेन्सिल खाली ठेवतात. आधी शोधायची सवय लागू दे, विचारायचं मग सांगेन."

मग म्हणजे कधी, सर? मी तुमच्याकडे शिकून गेले, नोकरीला लागले, तुम्हाला पेढे द्यायला आले, तुम्ही आजारी असताना हॉस्पिटलात तुमच्या उशाशी बसले. त्यातल्या एखाद्या दिवशी सांगायचंत. काकूंच्या हातचं जेवून मी घरी आले, आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाहीये. तुमच्यावर रागावू तर तुमचं म्हणणं पटतं, कारण आज माझ्यासमोर बसणारी मुलंही खरंच फार लवकर पेन्सिल खाली ठेवतात. आणि पटवून घ्यावं तर ती मुलगी डोळ्यासमोर येते, घामाने ओली, माझ्या उत्तराची वाट बघणारी.

हे पत्र मी काकूंनाही दाखवणार नाही. त्या हसतील, आणि नंतर रात्रभर विचार करत बसतील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. काल वाशीच्या वर्गात एका नव्या मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, तुमी कधी वाट चुकलात का वरती?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "नाही."