पाळण्यातलं नाव

४ जानेवारी १९७२, मंगळवार

पोचले बाई केडगावात. काम शाळेचं. पाणी भरायचं, वर्ग झाडायचे, राहायला मागची खोली. पाथर्डीत विहिरीच्या तळाशी डोकावून दमलेल्या मला इथं नळ मिळालाय. सोडला की धो धो. सोबत नात केरा. मुलगा-सून ऊसतोडीला गेलेत, गळीत संपलं की येतील. सून रडत निघाली, तिला म्हटलं, पोरीच्या केसालाही धक्का लागणार नाही. केराच्या आधीची दोन गेली, म्हणून हिला जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं आणि केरा म्हणायला लागलो. केर कोण कशाला नेतंय? हे लिहून घेतेय ती सारा, पहिलीची बाई. मला अक्षरं म्हणजे मुंग्या. माझं 'हाय' खोडून ती 'आहे' लिहिते म्हणे. लिहू दे, पगार त्याचाच खाते.

७ जानेवारी, शुक्रवार

पुण्याच्या साहेबांनी टेम्पोतून यंत्र आणलं. कंप्युटर. बारकी पोरं त्यावर शिकतात का ते बघायचंय त्यांना. कपाटाएवढं धूड, पुढं टाईपरायटरसारख्या कळा. पोरानं कळ दाबली की कागदाची पट्टी बाहेर येते, तिच्यावर 'बरोबर' नाहीतर 'चूक'. मी हळदकुंकू लावायला गेले तर साहेब आडवा आला, आत जाईल म्हणून. आधी प्रत्येक पोराचं नाव त्यात घालावं लागतं. सारा म्हणाली, केरा हे काय नाव झालं, आजी, चांगलंसं सांगा. होतं की चांगलं. बारशाला कानात सांगितलेलं, त्यानंतर कुणी तोंडातून काढलं नव्हतं. साराच्या कानात सांगून टाकलं. पत्र्याच्या डब्याला कळून काय कळणार.

१२ जानेवारी, बुधवार

केराचं एकही उत्तर चुकत नाही. सारा खूश. मी नाही. "केरे" म्हटलं तर पोरगी वळत नाही. परवापर्यंत मी तिला शेंबडी म्हणायचे, ती मला बोळकी म्हणायची. आता नुसती बघते. साराला विचारलं, काय चारतेस गं माझ्या पोरीला त्या वर्गात? हेही लिही म्हटलं. हसत लिहितेय.

१४ जानेवारी, संक्रांत

भाकरी थापताना मीठ मागायला तोंड उघडलं, तर मीठ पुढ्यात. मग पाणी. मग मनात आलं, ही आपली पोर नव्हे. नुसतं मनात आलं. तर म्हणते, "तुजीच हाय की, आजी."

दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका आला नाही. एवढ्या मिरच्या जळल्या, आणि साधी शिंक नाही.

१७ जानेवारी, सोमवार

साराला म्हटलं, नाव काढून घे त्यातून. दुपारी दोघी वर्गात गेलो. तिनं कळा दाबल्या. पट्टी आली. सारा वाचेना. दटावलं तेव्हा वाचली. "केरा तुमची. ही आमची."

तिनं वायर उपटली. पट्टी येतच राहिली. आता नको लिहायला, आजी, म्हणते. नाही. लिही.

१८ जानेवारी

सारा पहिल्या एस्टीनं घोडेगावला आईकडं निघून गेली. यंत्राच्या वर्गाला कुलूप घातलंय. आत खटखट —

आज केरा लिहितेय. मी बोलावलं नव्हतं. आपणहून वही घेऊन बसली. कालपर्यंत ग म भ न गिरवत होती —

१९ जानेवारी

मुलाला निरोप धाडायला हवा — कुणाबरोबर — सून विचारेल, माझी पोर कुठं —

मी बोलायच्या आधी पेन्सिल चालते. मी थांबले. ती थांबली नाही.

लिहू नको म्हटलं. तेही लिहिलं.

तोंड मिटून बसलेय आता. घटकाभर झालं, शब्द काढला नाही. पेन्सिल चाललीय —

सूनबाई, पोर मजेत आहे. इकडं येऊ नका.

हे मी म्हटलं नाही. हे मी —